परदेशी शिकारीला स्वतःची रायफल नेताना: तिकीट काढण्याआधी हत्याराचा मार्ग ठरवा

घाटंजी तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांचे मावसभाऊ नामिबियात विंडहुक येथे नोकरीला आहेत. तिथल्या एका खासगी फार्मवर कायदेशीर शिकारीचा बेत ठरतो आहे. प्रश्नकर्त्यांजवळ वडिलांकडून आलेली .३१५ बोअरची रायफल आणि बारा बोअरची दुनळी आहे. मुंबई–दुबई–जोहान्सबर्ग हे एक तिकीट आणि जोहान्सबर्ग–विंडहुक हे दुसरे, असे वेगवेगळे काढले तर बरेच पैसे वाचतात. तेव्हा दोन्ही हत्यारे सोबत नेता येतील काय, आणि मधल्या विमानतळांवर त्यांचे काय होते, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

हत्यार नेता येते, पण ज्या वेगळ्या तिकिटांमुळे पैसे वाचताना दिसतात त्याच तिकिटांमुळे तुमची रायफल जोहान्सबर्गला अडकण्याचा संभव सर्वांत जास्त आहे. परवानाधारकांची आणि नेमबाजांची प्रवासाची कागदपत्रे तयार करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट काढतात आणि मग हत्याराचे काय करायचे ते विचारायला येतात. क्रम याच्या नेमका उलट हवा. हत्यार कोणत्या देशात कायद्याच्या दृष्टीने ‘उतरते’ आणि कुठे नुसते विमान बदलते, हे आधी ठरवावे आणि त्यानुसार तिकीट घ्यावे.

सुरुवात घरच्या परवान्यापासून करू. रायफल वडिलांकडून आली आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण ती तुमच्या स्वतःच्या परवान्यावर रीतसर चढली आहे काय हे लिहिलेले नाही. वारस म्हणून नोंद अजून व्हायची असेल, किंवा परवाना दुसऱ्याच्या नावाने असून तुम्ही त्यावर केवळ रिटेनर (मालकाच्या वतीने हत्यार बाळगणारा) असाल, तर हा विषय इथेच थांबतो, कारण परदेशातील पोलीस पासपोर्टवरचे नाव आणि परवान्यावरचे नाव एकच आहे काय हे सर्वांत आधी पाहतात. परवाना कोणत्या कारणासाठी दिला आहे तेही पाहावे. आपल्या भागात रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी अनेकांना परवाने मिळाले आहेत. अशा परवान्यावर तो उद्देश आणि ते क्षेत्र लिहिलेले असते. वावर राखण्यासाठी दिलेले हत्यार परदेशी शिकारीला नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या अधिकाऱ्याने ते चालवून घेतले तरी दुसरा त्यावर बोट ठेवू शकतो, आणि मग परवान्याच्या नूतनीकरणालाच अडचण येते. पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेल्या ठासणीच्या बंदुकीचा विचारही करू नये. तिची काळी दारू प्रवासी विमानात कोणत्याही सामानात चालत नाही.

आता एक काम आजच करा. रायफल स्वच्छ पुसून उजेडात धरा आणि तिच्यावर कोरलेला क्रमांक मोठ्याने वाचा; समोर दुसऱ्या माणसाने परवाना धरून प्रत्येक अक्षर आणि अंक ताडून पाहावा. जुन्या परवान्यांच्या नोंदी हाताने केलेल्या असतात. त्यांत एकाचा सात झालेला असतो, क्रमांकाआधीची इंग्रजी अक्षरे गळालेली असतात, किंवा पुस्तक बदलून मिळाले तेव्हा उतरवून घेणाऱ्याने शेवटचा अंक सोडलेला असतो. दुनळीच्या बाबतीत नळ्यांवर आणि मागच्या भागावर असे दोन्हीकडचे क्रमांक पाहावेत. कलेक्टर कचेरीत वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात न आलेला हा फरक परदेशी पोलिसाला मात्र पहिल्या मिनिटात दिसतो, कारण त्याच्यापुढे तुमच्या ओळखीचे दुसरे काहीच नसते. चूक आढळली तर प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी परवाना शाखेतून दुरुस्त करून घ्यावी. त्याच वेळी परवान्यावर राष्ट्रीय डेटाबेसचा यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे, मुदत संपूर्ण प्रवासाला पुरते आणि मराठीतील शेऱ्यांचे साक्षांकित इंग्रजी भाषांतर सोबत आहे, याची खात्री करावी.

परवान्याचे क्षेत्र हा पुढचा मुद्दा, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या लोकांना तो विशेष लागू आहे. पांढरकवड्यावरून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की सरळ हैदराबाद गाठता येते, आणि तिथून परदेशी विमानांचे पर्यायही पुष्कळ आहेत, म्हणून अनेकांना तो मार्ग सोयीचा वाटतो. पण परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर पैनगंगा ओलांडताच तुम्ही क्षेत्राबाहेर हत्यार बाळगत असता. अशा परवानाधारकाने नागपूर किंवा मुंबईहूनच निघावे. नागपूरहून थेट परदेशी विमाने मोजकीच, मुख्यतः दोहा आणि शारजाकडे जाणारी राहिली आहेत. बाकी सर्व प्रवास मुंबईवरून. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की आपल्याकडे हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. तुमच्या तारखा जिल्हा परिषदेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीच्या आसपास येत असतील तर ठाणेदारांशी आधीच बोलून ठेवा.

देशाबाहेर हत्यार नेण्याचा कायदा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १० मध्ये आहे. ज्याला हत्यार बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे त्याला ते स्वतःच्या खासगी वापरासाठी, वाजवी प्रमाणात, वेगळ्या परवान्याशिवाय बाहेर नेता येते आणि परत आणता येते. मात्र त्याच कलमात पुढे असेही आहे की, ही सवलत लागू होते काय किंवा प्रमाण वाजवी आहे काय याबद्दल कस्टमच्या अधिकाऱ्याला शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत तो हत्यार अडकवून ठेवू शकतो. व्यवहारात सगळे महत्त्व या दुसऱ्या भागाला आहे. शंका येऊच नये म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांना प्रवासाची लेखी माहिती देऊन पोच घ्यावी. फार्मचे निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट आणि हत्याराचा तपशील एकाच फाइलमध्ये ठेवावा. दोन हत्यारांपैकी एकच न्यावे, कारण ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ काउंटरवरचा अधिकारी लावणार आहे.

आता मधल्या विमानतळांकडे वळू. तुमची पेटी एकाच बुकिंगवर मुंबईहून थेट विंडहुकपर्यंत टॅग झाली आणि तुम्ही मधे कुठेही इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडला नाहीत, तर हत्यार त्या देशांत केवळ पारगमनात असते. पेटी विमानतळाच्या आतल्या आत एका विमानातून दुसऱ्या विमानात जाते. यासाठीही प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीची आधी घेतलेली लेखी संमती लागते. तिकिटावर एका कंपनीचे नाव असते आणि विमान दुसरीचे असते, असे नेहमी घडते. अशा वेळी जिचे विमान तिचा नियम लागू होतो. आखाती केंद्रांवरून जाताना ही संमती एअरलाइनमार्फतच आणि आगाऊ मागावी लागते. फोनवर मिळालेल्या होकाराचा विमानतळावर काही उपयोग नाही. ईमेल छापून सोबत ठेवावा आणि त्यात हत्याराचा प्रकार, बोअर, क्रमांक आणि काडतुसांचे वजन आलेले असावे.

तुम्ही म्हणता तशी दोन वेगळी तिकिटे असली तर चित्र बदलते. दुसऱ्या तिकिटाशी पहिल्या कंपनीचा संबंध नसल्यामुळे पेटी साधारणपणे जोहान्सबर्गपर्यंतच टॅग होते. ती घेण्यासाठी तुम्हाला दक्षिण आफ्रिकेत प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टवर त्या देशाचा व्हिसा लागतो. प्रवेश केला की रायफल त्या देशात आणली असा अर्थ होतो, आणि तिथल्या २००० सालच्या शस्त्र नियंत्रण कायद्याप्रमाणे पोलिसांची परवानगी लागते. त्यासाठीचा अर्ज ‘एसएपीएस ५२०’ या नावाने ओळखला जातो. तो काळ्या शाईने भरायचा असतो आणि सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते. घरून सही करून नेलेला अर्ज परत भरायला लावतात, म्हणून कोऱ्या प्रती सोबत ठेवाव्यात. जोहान्सबर्गच्या ओआर टॅम्बो विमानतळावर हत्यारे नेहमीच्या पट्ट्यावर न येता पोलिसांच्या शस्त्र कार्यालयाकडे जातात. तिथे रांग असते, क्रमांक ताडले जातात, आणि त्यानंतर तुम्हाला पुन्हा पुढच्या विमानाच्या काउंटरवर जाऊन सारे सोपस्कार पहिल्यापासून करावे लागतात. तीन तासांच्या अंतरात हे बसत नाही. वाचलेले पैसे व्हिसा, मुक्काम आणि चुकलेले विमान यांतच जातात. म्हणून एकच बुकिंग घ्या, दोन विमानांमध्ये किमान चार-पाच तास ठेवा आणि रात्रीचा मुक्काम टाळा.

मुंबईच्या काउंटरवरून हलण्यापूर्वी पेटीवरचा टॅग स्वतः वाचा. त्यावर शेवटी विंडहुकचे ‘डब्ल्यूडीएच’ असले पाहिजे. जोहान्सबर्गचे ‘जेएनबी’ दिसले तर तिथेच थांबवून दुरुस्त करून घ्या. विमान रद्द होऊन मधेच मुक्काम पडला, तर एअरलाइन प्रवाशांना हॉटेलात पाठवताना सामानही हाती देऊ पाहते. अशा वेळी पेटी स्वीकारू नये. ‘यात हत्यार आहे, ते विमानतळाच्या ताब्यातच राहू द्या’ असे स्पष्ट सांगून तशी नोंद करून घ्यावी. ज्या देशाची परवानगी तुमच्याजवळ नाही त्या देशाच्या रस्त्यावर रायफल घेऊन उभे राहणे, मग ते विमान कंपनीच्या चुकीने का असेना, हा तिथे गुन्हाच ठरू शकतो.

प्रत्येक देशाचा पारगमनाचा नियम वेगळा आहे, हेही या निमित्ताने सांगतो. ॲम्स्टरडॅमवरून जाताना हत्यार विमानतळाच्या आत राहिले तरी नेदरलँड्सच्या कस्टमची आगाऊ संमती लागते. अमेरिकेत तर आतल्या आत विमान बदलण्याची सोयच नाही. पुढे कॅनडाला जायचे असले तरी सामान घेऊन कस्टम ओलांडावे लागते, आणि त्यासाठी तिथल्या एटीएफ या शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याची मंजुरी आधी मिळवावी लागते, जिला काही आठवडे सहज लागतात. एका मार्गाचा अनुभव दुसऱ्या मार्गाला लावू नये तो यासाठीच.

विंडहुकचे काम त्या मानाने सरळ आहे. होसिया कुटाको विमानतळावर उतरल्यावर तिथले पोलीस तात्पुरत्या आयातीची परवानगी देतात. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर आणि स्वयंचलित हत्यारे शिकारीसाठी चालत नाहीत. शिकार नोंदणीकृत मार्गदर्शकाबरोबरच करावी लागते, आणि हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असा असतो.

काडतुसांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गैरसमज याच विषयात जास्त आहेत. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे एका प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी, विमान कंपनीच्या संमतीने, पॅकिंगसह एकूण पाच किलोपर्यंत काडतुसे चेक-इन सामानात नेता येतात. ती कमी धोक्याच्या १.४एस या वर्गातील, म्हणजे यूएन ००१२ किंवा ००१४ क्रमांकाची असावी लागतात. स्फोटक किंवा पेट घेणारी गोळी चालत नाही. दोघे जण सोबत असले तरी दोघांचे मिळून दहा किलो एका पेटीत ठेवता येत नाहीत. बारा बोअरच्या २५ काडतुसांचे खोके साधारण एक किलोच्या आसपास भरते, त्यावरून अंदाज करावा. एअरलाइनची स्वतःची मर्यादा याहून कमी असू शकते आणि तीच पाळावी लागते. दक्षिण आफ्रिकेत आयात करण्याची वेळ आलीच तर तिथे एका हत्यारामागे २०० ही मर्यादा आहे. परतीच्या दृष्टीनेही विचार करावा: आपल्या कस्टमच्या बॅगेज नियमांत बंदूक आणि ५० हून अधिक काडतुसे शुल्कमाफीच्या बाहेर ठेवली आहेत. म्हणून मी ५० च्या वर नेऊच नयेत असे सांगतो. काडतुसे कारखान्याच्या मूळ खोक्यात, वेगळ्या कुलपाच्या पेटीत असावीत. पट्ट्यात खोचलेली किंवा रुमालात बांधलेली कोणीही स्वीकारत नाही.

यात तुमच्या .३१५ ची एक खास अडचण आहे. हे बोअर जुन्या ८×५० मॅनलिकरच्या घराण्यातले असून आज ते मुख्यतः भारतातच चालते. नामिबियात .३०८ किंवा .३०-०६ ची काडतुसे दुकानात मिळतात, पण तुमची काडतुसांची पेटी मागे राहिली तर .३१५ ची तिथे मिळण्याची आशा धरू नये. मग रायफल पोहोचूनही निरुपयोगी होते. शिवाय कुडू, ओरिक्स यांसारख्या मोठ्या हरणांसाठी तिथल्या नियमाप्रमाणे काडतुसाची ऊर्जा नळीच्या तोंडाशी किमान २७०० जूल असावी लागते. तुमच्याजवळच्या काडतुसाचा हा आकडा फार्मला आधीच कळवून त्यांचे लेखी उत्तर घ्यावे. दुनळी तर या शिकारीसाठी नेण्यात अर्थच नाही.

यापेक्षाही कळकळीने सांगावेसे वाटते ते हातातल्या पिशवीबद्दल. आपल्याकडे जागलीला जाताना जी पिशवी मचाणावर नेतो, तीच धुऊन-झटकून प्रवासाला घेतो. अस्तराच्या शिवणीत, टॉर्चच्या कप्प्यात किंवा जॅकेटच्या आतल्या खिशात एखादे काडतूस राहून जाते आणि एक्स-रेच्या पडद्यावर त्याचे पितळी बूड लख्ख दिसते. नागपूर-मुंबईला असे झाले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. हत्यार ताब्यात असण्यात जाणीव असावी लागते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात मांडले आहे आणि त्याच्या आधारे अशी प्रकरणे पुढे रद्दही होतात. पण तोवर विमान गेलेले असते आणि कोर्टाच्या तारखा सुरू झालेल्या असतात. दुबई किंवा दोह्याला हातातले सामान पुन्हा तपासले जाते, आणि तिथे आपला परवाना किंवा आपल्या न्यायालयाचा निकाल यांचा काहीच आधार मिळत नाही. म्हणून या प्रवासासाठी पिशवी आणि जॅकेट नवे घ्या. जे शेतात एकदाही गेलेले नाही तेच अंगावर आणि हातात असू द्या. रिकामी पितळी टरफले आठवण म्हणून खिशात ठेवण्याची सवय असेल तर तीही इथेच सोडा.

बांधणीचे नियम सोपे आहेत. कडक कवचाची कुलपाची पेटी घ्यावी, आत फोम असावा, बोल्ट काढून त्याच पेटीत ठेवावा, चेंबर आणि मॅगझिन दोन वेळा तपासावे. दुर्बीण, मॅगझिन, सफाईची सळई यांपैकी काहीही हातातल्या सामानात नको. सफाईचे ज्वलनशील द्रव घरीच ठेवावे. किल्ली पेटीत किंवा नातेवाइकाजवळ न ठेवता स्वतःजवळ ठेवावी, कारण तपासणी तुमच्यासमोर व्हायची असते. जे तरुण नेमबाज एअर रायफल घेऊन स्पर्धेला जातात त्यांनीही हीच शिस्त पाळावी. एअर रायफल परवानामुक्त असली तरी एअरलाइन तिला हत्यारच मानते, आणि तिचा हवेचा सिलिंडर पूर्ण रिकामा असावा लागतो.

मुंबईला नेहमीपेक्षा खूप आधी पोहोचा, कारण पेटी काउंटरवर देण्यापूर्वी ती कस्टमला दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचे आहे. रायफलचा बोअर, बनावट आणि पूर्ण क्रमांक त्यात लिहिला गेला पाहिजे. हा कागद नसेल तर परत येताना तीच रायफल परदेशातून आणलेले नवे हत्यार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि सामान्य प्रवाशाला नवे हत्यार आणण्याची वाट जवळजवळ बंदच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारे ठेवता येतात आणि तुमची दोन आहेतच, म्हणून तिकडे एखादी चांगली रायफल विकत घेऊन आणण्याचा विचार मनात असेल तर तोही सोडून द्यावा.

हे सगळे पाहता, तुमच्या जागी मी असतो तर ही रायफल घरी ठेवली असती आणि फार्मवरची भाड्याने घेतली असती. तिथल्या बहुतेक शिकार-फार्मवर दिवसाच्या भाड्याने रायफल मिळते, ती त्या देशात सहज मिळणाऱ्या बोअरची असते, आणि मार्गदर्शक तुम्हाला आधी निशाण्यावर चार-सहा फैरी मारून हात बसवू देतो. वडिलांच्या रायफलने शिकार करावी ही इच्छा मी समजू शकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे ती पुरी होण्याची वाट राहिलेली नाही, म्हणून नामिबियाची ही संधी तुम्हाला मोलाची वाटते, आणि त्यात गैर काही नाही. नेणारच असाल तर रायफल एकच न्या, तिकीट एकाच बुकिंगचे घ्या आणि सर्व संमती लेखी हातात आल्यावरच पैसे भरा.

शिंगे किंवा कातडी सोबत आणण्याचे ठरवू नका. त्यासाठी भारत सरकारची वेगळी परवानगी लागते, प्राणी साइटीस या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असेल तर त्याखालचीही लागते, आणि ते काम हत्याराच्या कागदपत्रांहून अवघड आहे. परतताना मुंबईला रेड चॅनलनेच (कस्टमला सामान जाहीर करण्याच्या वाटेनेच) बाहेर पडा, एक्सपोर्ट सर्टिफिकेट स्वतःहून पुढे करा, उरलेली काडतुसे मोजून दाखवा, आणि गावी पोहोचल्यावर ठाण्यात हत्यार परत आल्याची लेखी नोंद करून तिची पोच परवान्याच्या पुस्तकात ठेवा. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी वापरलेल्या काडतुसांचा हिशेब विचारला गेला तर फार्मने दिलेली शिकारीची पावती हाच त्याचा पुरावा असतो, म्हणून ती तिथून निघतानाच तारखेसह मागून घ्यावी.